ट्रकवर नवीन लागताय? लायसनपासून पहिल्या लांबच्या ट्रिपपर्यंत सगळं सांगतो

आजकाल बरीच पोरं विचारतात की कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर अजून किती दिवस काढायचे, त्यापेक्षा हेवी शिकतो आणि ट्रकवर लागतो, जमेल का. जमेल. काम आहे, कुठल्याही ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा, चांगला ड्रायव्हर मिळत नाही हीच रड ऐकायला मिळेल. फक्त "चांगला" हा शब्द लक्षात ठेवा, कारण लायसन हातात पडलं आणि माणूस ड्रायव्हर झाला असं या लाईनीत होत नाही. पहिलं वर्ष कोणत्या मालकाकडे आणि कोणत्या उस्तादाच्या (जुन्या अनुभवी ड्रायव्हरच्या) शेजारी बसून काढता त्यावर पुढची वीस वर्षं कशी जाणार ते ठरतं, हे मी इतक्या पोरांचं बघितलंय की आता कोणी पगार किती विचारलं की मी आधी मालक कोण ते विचारतो.

आता लायसनचं बघू. हेवी डायरेक्ट निघत नाही. आधी कारचं, म्हणजे एलएमव्ही लायसन पाहिजे, ते काढून एक वर्ष झालेलं पाहिजे आणि वय २० पूर्ण पाहिजे. म्हणून घरात कोणी अठराचा झाला असेल आणि त्याला या लाईनीत यायचं असेल तर एलएमव्ही आत्ताच काढून ठेवा, उगाच नंतर एक वर्ष थांबावं लागतं. आठवी पासची जी अट होती ती केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली, त्यामुळे शाळेच्या दाखल्याच्या नावाखाली कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. पण भावांनो, अट गेली म्हणून वाचायचं सोडू नका, बिल्टी (मालाची ट्रान्सपोर्टची पावती) वाचायला येत नसेल, पाटी वाचायला येत नसेल तर परराज्यात फार हाल होतात.

अर्ज सारथीच्या, म्हणजे लायसनच्या सरकारी साईटवर करायचा. डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं (फॉर्म १ए) आणि ट्रान्सपोर्ट गाडीसाठी मान्यता असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट लागतं (फॉर्म ५), ते सक्तीचं आहे. लर्निंग सहा महिने चालतं, तीस दिवस झाले की पक्क्या लायसनची टेस्ट देता येते. डॉक्टरच्या बाबतीत एक विनंती, नुसता शिक्का मारून घेऊ नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन खरोखर तपासून घ्या, विशेषतः रात्री समोरून अप्पर (हेडलाईटचा वरचा झोत) मारला की किती वेळ काही दिसत नाही, लांबची पाटी धूसर दिसते का, हे नीट सांगा. चष्मा लागला तर लावा. त्याने नोकरी जात नाही, डोळे अधू असून लपवले तर जीव जातो.

ड्रायव्हिंग स्कूल निवडताना फी नंतर विचारा, आधी हे विचारा की प्रत्यक्ष स्टिअरिंग माझ्या हातात किती तास असणार. नियमात ट्रान्सपोर्ट गाडीसाठी किमान ३० दिवसांचा कोर्स आणि त्यात किमान १५ तास प्रत्यक्ष ड्रायव्हिंग लिहिलेलं आहे. बऱ्याच ठिकाणी चार पोरं केबिनमध्ये बसवतात आणि एकेकाला दहा मिनिटं देतात, मग ते तास कसे भरणार. पुण्याच्या बाजूचे असाल तर भोसरीजवळ नाशिक फाट्याला आयडीटीआर ही ड्रायव्हिंग शिकवणारी संस्था आहे तिथे चौकशी करा. आणि स्कूलची गाडी बहुतेक वेळा जुनी सहाचाकी, तीही रिकामी असते. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांचा ब्रेक लागायला लागणारं अंतर, वळणावरचा झोल, चढावरची ताकद, काहीच एकमेकांशी जुळत नाही, त्यामुळे स्कूलमध्ये रिव्हर्स आणि गिअर नीट शिका आणि बाकीचं शिकायचं अजून आहे हे धरून चाला.

हेवी निघेपर्यंत रिकामं बसायची गरज नाही. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकाल दिलाय की एलएमव्ही लायसनवर साडेसात हजार किलोच्या आतली (गाडीचं आणि मालाचं मिळून एकूण वजन) मालवाहू गाडी चालवता येते, वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, ४०७ या गाड्या आल्या. धोकादायक माल मात्र यात धरू नका, त्याचं वेगळं आहे, शेवटी सांगतो. माझं तर सरळ मत आहे की पहिलं वर्ष पिकअपवरच काढा. पहाटे भाजी घेऊन वाशी मार्केटला जा, भिवंडीच्या गोडाऊनच्या गल्लीत रिव्हर्स लावा, मागे माल असताना ब्रेक कसा लागतो ते पायाला कळू द्या. तिथून सहाचाकी, मग दहाचाकी, आणि न्हावा शेवा बंदराचा कंटेनर ट्रेलर सगळ्यात शेवटी. ट्रेलरचा पगार ऐकून डायरेक्ट तिकडे उडी मारणारी पोरं असतात, पण ट्रेलर रिव्हर्सला उलटा फिरतो, वळणावर मागचा भाग आत कापत येतो, त्याचा अंदाज यायला आधी साध्या गाडीवर हात बसलेला लागतो.

मालक कसा बघायचा

इथे जरा थांबून वाचा, कारण इथेच पोरं फसतात. कामाला लागायच्या आधी समोरासमोर बसून विचारायचं, लाजायचं नाही. पगार महिन्याचा फिक्स आहे की ट्रिपवर, की किलोमीटरवर? भत्ता रोजचा किती आणि गाडी लोडिंगसाठी दोन दिवस उभी राहिली तर त्या दिवसांचा भत्ता मिळणार का? (हे विचाराच, गाडी उभी राहते तेव्हाच खिसा रिकामा होतो.) डिझेलचं अ‍ॅव्हरेज किती धरलंय आणि कमी बसलं तर पगारातून कापणार का? कारण घाटाचा रस्ता, पावसाळा, ट्रॅफिक यात अ‍ॅव्हरेज पडतंच आणि जो मालक सपाट रोडचं अ‍ॅव्हरेज धरून हिशोब करतो तो दर महिन्याला तुमच्या पगारातून कापणार. टायर फुटला तर खर्च कोणाचा, ऑनलाईन चलन आलं तर कोणाच्या माथी, अ‍ॅडव्हान्स कसा मिळणार, घरी सुट्टी किती दिवसांनी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओव्हरलोड भरता का.

ओव्हरलोडचं गणित समजून घ्या. जुलै २०१८ मध्ये केंद्राने वजनाची मर्यादा वाढवली, सहाचाकी दोन अ‍ॅक्सलची गाडी १६.२ टनावरून १८.५ वर गेली, दहाचाकी २५ वरून २८.५ वर, हे सगळं गाडीचं वजन धरून. त्याच्यावर भरलं तर दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. आणि कायद्यात दंड "चालवणारा" आणि "चालवायला लावणारा" दोघांनाही आहे, त्यामुळे शेठने भरायला सांगितलं हे उत्तर चेकपोस्टवर चालत नाही. शिवाय जास्तीचा माल उतरवून घ्यायचा आदेश निघतो, मग रस्त्यात दुसरी गाडी शोधत बसा. दंडाचं सोडा, उतारावर जास्तीचे पाच टन मागून ढकलतात तेव्हा ब्रेक तुमच्या पायाखाली असतो, शेठच्या नाही.

कामाच्या तासांचा कायदा पण होता, मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्ट, १९६१ चा. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नवीन लेबर कोडने घेतली. जुन्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ट्रान्सपोर्टला लागू होता. प्रत्यक्षात किती ठिकाणी पाळायचे ते सगळ्यांना माहीत आहे, पण तुम्हाला हा आकडा माहीत असला पाहिजे म्हणजे "सकाळी बंगलोरला पोचली पाहिजे" असा फोन आला की नाही म्हणायला आधार असतो. जो मालक "झोप घे, उशीर झाला तर मी पार्टीशी (मालवाल्याशी) बोलतो" म्हणतो त्याच्याकडे दोन हजार कमी मिळाले तरी लागा. आणि नवीन गाड्यांचं एक चांगलं झालंय, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि अवजड ट्रकला केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे, मे महिन्यात विदर्भातून गाडी काढणाऱ्याला याची किंमत कळेल.

उस्ताद तर पाहिजेच. पहिले काही महिने क्लीनर म्हणून किंवा सेकंड ड्रायव्हर म्हणून जुन्या माणसाबरोबर जा, कमीपणा मानू नका. तो कुठे गाडी लावतो, कोणत्या ढाब्यावर डिझेलची टाकी सेफ राहते, हमालांशी कसं बोलतो, कुठल्या गावात रात्री थांबत नाही, हे बघून घ्या. पण उस्ताद पिऊन चालवत असेल किंवा जागं राहायला गोळ्या खात असेल तर त्याच दिवशी मालकाला सांगून गाडी बदला.

निघायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर

हे रोज. कितीही घाई असली तरी. हातात टॉमी (लोखंडी पहार) घ्यायची आणि प्रत्येक टायरवर एक ठोका मारायचा, हवा भरलेला टायर टणकन वाजतो आणि टॉमी उसळून परत येते, हवा कमी असली की आवाज बद्द येतो. मागच्या जोड चाकात आतला टायर बसलेला असला तरी बाहेरून दिसत नाही, बाहेरचा एकटाच सगळं वजन घेत असतो, गरम होतो आणि पन्नास-शंभर किलोमीटरवर फुटतो. म्हणून आतल्या टायरलाही ठोका मारायचाच. तसंच जोड चाकांच्या मधल्या फटीत वाकून बघा, खडीच्या साईटवरून किंवा कच्च्या रस्त्यावरून आलात की तिथे दगड अडकतो, तो टायर कापतो, आणि हायवेला स्पीड घेतला की सुटून मागच्या गाडीच्या काचेवर जातो. टॉमीने तिथल्या तिथे काढा.

मग एअर टाकी. खाली एक रिंग किंवा वॉल्व असतो, तो ओढला की साचलेलं पाणी फस्सकन बाहेर येतं. पावसाळ्यात रोज काढा, कारण हे पाणी ब्रेकच्या लाईनीत गेलं की ब्रेक नीट काम करत नाही. इंजिन चालू करून मीटरवर हवेचं प्रेशर पूर्ण होईपर्यंत हलायचं नाही, मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा आणि काटा खाली येतो का बघा, येत असेल तर कुठेतरी लीक आहे. पाट्यांमध्ये (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांत) तुटलेलं पान आहे का, नटबोल्टवर गंजाची ताजी रेघ उतरलीय का (नट ढिला झाल्याची खूण असते ती), लाईट, इंडिकेटर, मागची रिफ्लेक्टर पट्टी. बीएस६ गाडीत युरियाची (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्याची) पातळी बघा, तो संपत आला की गाडी मुद्दाम ताकद कमी करते आणि तुम्ही भर चढात अडकता.

कागद: आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट, पीयूसी, टॅक्स आणि तुमचं लायसन. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं कायद्याने चालतं, तरी झेरॉक्स ठेवा, मोबाईल बंद पडतो. मालाची बिल्टी, बिल आणि ई-वे बिल (माल नेण्याचं जीएसटीचं ऑनलाईन बिल). परराज्यात ५० हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, म्हणजे पुणे ते बंगलोर साधारण ८४० किलोमीटर धरले तर पाच दिवस. गाडी बिघडली आणि मुदत संपत आली तर लगेच मालकाला किंवा पार्टीला फोन करा, मुदत संपायच्या आधी आठ तास ते नंतर आठ तास एवढ्याच वेळात वाढवून घेता येते. गाडी नंबर बिलावर बरोबर टाकलाय का तेही निघायच्या आधीच बघा, एका आकड्याच्या चुकीने गाडी अडकते.

घाट

घाटात उतरताना न्यूट्रल करायचं नाही. कधीच नाही, रिकामी असली तरी नाही. डिझेल वाचतं म्हणून शिकवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलावर एका ट्रकने ४८ गाड्यांना ठोकरलं, कात्रजच्या नवीन बोगद्यापासून पुलापर्यंतचा तो उतार आहे, आणि ब्रेक फेल असं सगळे म्हणत असताना तपासात पुढे आलं की ड्रायव्हरने उतारावर इंजिनच बंद केलं होतं. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कंप्रेसर बंद, प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते आणि इंजिनचा रोध तर नाहीच.

पद्धत अशी, उतार सुरू व्हायच्या आधी वरच्या सपाटीलाच गिअर खाली घ्यायचा, मध्ये उतारावर गिअर बदलायला गेलात आणि गिअर पडला नाही तर गाडी मोकळी सुटते. ज्या गिअरमध्ये हा चढ तुम्ही चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा) चालू ठेवा. पायाचा ब्रेक धरून ठेवायचा नाही, स्पीड वाढला की एकदा नीट दाबायचा, स्पीड पाडायचा, सोडायचा. सतत पाय ठेवला की ड्रम तापतात, जळका वास येतो, आणि तो वास आला म्हणजे जागा बघून लगेच थांबायचं, चाकाला उटी (चाकाखालची अडण) लावायची आणि ड्रम गार होईपर्यंत हलायचं नाही. कसारा असो, कुंभार्ली असो, मागचा कारवाला कितीही हॉर्न मारू दे, त्याच्या हॉर्नने तुमचा गिअर ठरत नाही.

सरळ रस्त्याचा धोका वेगळा. समृद्धी ७०१ किलोमीटरचा, बराचसा सरळ, ट्रकला ८० ची मर्यादा, आणि दुपारच्या जेवणानंतर किंवा पहाटे तीन ते पाच डोळा लागतो ते कळतही नाही. चहा, तोंडावर पाणी, तंबाखू, याने झोप जात नाही, झोप झोपेनेच जाते. वीस मिनिटं का होईना, ट्रक-ले-बाय (हायवेलगत ट्रक थांबवायची जागा) किंवा पंपावर गाडी लावून आडवं व्हा. रस्त्याच्या कडेला शोल्डरवर लावून झोपू नका, मागून येणारा आदळतो. गाडी बंद पडून थांबावंच लागलं तर पार्किंग लाईट चालू, त्रिकोण लांब मागे ठेवा आणि नॅशनल हायवेला १०३३ वर फोन करा.

माल भरताना तुम्ही खाली चहा पीत बसायचं नाही, स्वतः मोजा, कारण नग कमी भरला तर शेवटी तुमच्या नावावर येतं. ताडपत्र्या दोन असतील तर मागची आधी टाका आणि पुढची तिच्यावर चढवा, म्हणजे वारा आत शिरत नाही, उलटं केलंत तर हायवेला फुगा होतो आणि पावसात माल भिजतो. दोर वीस-तीस किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा, माल बसला की दोर ढिला पडतो. उतरवल्यावर वाराई (हमालांची मजुरी) कोणी द्यायची हे आधीच ठरवून घ्या आणि पोच (माल मिळाल्याची पावती) सही-शिक्क्यासकट घेतल्याशिवाय गेट सोडू नका, पोच नसेल तर मालकाचं बाकी भाडं अडकतं आणि मग तुमचा पगार.

अपघात झाला तर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात न्यायची आणि पोलिसांना कळवायची जबाबदारी ड्रायव्हरवर आहे, पण जमाव अंगावर येत असेल तर तिथे थांबायची सक्ती त्याच कलमात नाही. म्हणून जीव वाचवून बाजूला जा, पण लगेच ११२ आणि १०८ लावा, जवळच्या चौकीत स्वतः हजर व्हा, फोन केल्याची वेळ मोबाईलमध्ये राहते ती पुढे कामाला येते. जानेवारी २०२४ मध्ये अपघातात माणूस मेल्यावर न कळवता पळून गेल्याच्या ज्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून ड्रायव्हरांनी चक्काजाम केला होता ते १०६ (२) उपकलम १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता हा नवीन कायदा आला तेव्हा लागू केलेलं नव्हतं, पण म्हणून पळून जाऊ नका, जखमी माणसाला पहिल्या तासात दवाखाना मिळाला तर तो वाचतो.

स्वतःचा पण विमा बघा. मालकाच्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये पगारी ड्रायव्हरचं नुकसान धरलेलं असतं, म्हणून पॉलिसी चालू आहे का ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. शिवाय बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, हा प्रत्येकाने आजच काढावा आणि बायकोला किंवा आईला पासबुक कुठे आहे ते सांगून ठेवावं.

स्वतःची गाडी घ्यायचा विचार पहिल्या दोन-तीन वर्षांत डोक्यातून काढून टाका. फायनान्सवाले कागद घेऊन मागे लागतात, पण हप्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो आणि भाडं तसं येत नाही. आधी चार-पाच पार्ट्यांशी तुमची स्वतःची ओळख होऊ द्या, परतीचं भाडं कुठून मिळतं ते कळू द्या, मग बघू.

आणि लायसनची तारीख मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. ट्रान्सपोर्टचं लायसन ५ वर्षांचं असतं, संपायच्या एक वर्ष आधीपासून रिन्यू करता येतं, आधी जी तीस दिवसांची सवलत होती ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली, त्यामुळे तारीख संपली त्या दिवसापासून तुम्ही विनालायसन. संपून एक वर्षाच्या वर गेलं तर पुन्हा टेस्ट. पुढे गॅस, पेट्रोल, केमिकलच्या टँकरवर जायचं असेल तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन लायसनवर तसा शिक्का घ्यावा लागतो, तो ३ वर्षांचा असतो आणि रिन्यू करताना एक दिवसाचा रिफ्रेशर कोर्स करावा लागतो. टँकरला पैसे बरे असतात, पण अर्धा भरलेला टँकर ब्रेक मारल्यावर आतल्या मालाच्या हेलकाव्याने पुढे ढकलला जातो, त्यामुळे दहाचाकीवर दोन-तीन पावसाळे काढल्याशिवाय तिकडे जाऊ नका.